टूर आजारी पडली, आता नावाचं काय करायचं?

या महिन्यात पत्रं भरपूर आली आणि गंमत म्हणजे निम्मी एकाच विषयावरची, उलट्या, जुलाब, कोविड, जीबीएस (हातपाय लुळे पडणारा तो गियान-बारे आजार) आणि त्यानंतर कंपनीची झालेली शोभा. त्यामुळे हे अख्खं सदर त्यालाच दिलंय, व्हिसा आणि फॉरेक्स कार्डवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत जरा दम धरा. मी बावीस वर्षं टूर मॅनेजर होते, मग ऑफिसात बसले, तेव्हा जे सांगतेय ते बसच्या पहिल्या सीटवरून बघितलेलं आहे, पीआरच्या कोर्समधलं नाही.

प्रश्न : ताई, नाशिकला आमची छोटी टूर कंपनी आहे, मी आणि बायको चालवतो, ११ वर्षं झाली. जानेवारीत ३८ जणांची राजस्थान टूर नेली, आपला आचारी बरोबर होता. जैसलमेरहून जोधपूरला आलो त्या रात्री एकेकाला उलट्या सुरू झाल्या, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत १४ जण. चौघांना सलाईन लावलं. सगळे बरे होऊन घरी आले. पण एका पाहुण्यांच्या जावयाने बसमधला व्हिडिओ फेसबुकवर टाकला, गुगलवर रेटिंग ४.७ चं ३.९ झालं, मे मधल्या काश्मीरच्या ११ सीट कॅन्सल झाल्या. आचारी म्हणतो हॉटेलचं पाणी, हॉटेलवाला म्हणतो तुमचं जेवण. मेव्हणा म्हणतो नाव बदल, नवीन फर्म काढ. एकजण ८,००० रुपयात ४० फाइव्ह स्टार रिव्ह्यू देतो म्हणतोय. काय करू? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दादा, रागावू नका पण तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि घरी आल्यावर त्या १४ जणांना तुम्ही फोन केलात का हे त्यात कुठेच नाहीये. रेटिंग आहे, जावई आहे, मेव्हणा आहे, ती माणसं नाहीत.

आपला धंदा जाहिरातीवर चालत नाही हे तुम्हाला मी काय सांगू. शेजारच्या काकू जाऊन आल्या, फोटो दाखवले, "खाण्यापिण्याची चंगळ होती हो" म्हणाल्या, की पुढच्या वर्षी त्याच सोसायटीतून सहा सीट येतात. ३८ पाहुणे म्हणजे ३८ भिश्या, ३८ सोसायटीचे ग्रुप, आणि संक्रांतीची हळदीकुंकवं तर नुकतीच होऊन गेली, तिथे काय बोलणं झालं असेल याचा तुम्हीच विचार करा. फेसबुकचा व्हिडिओ दहा दिवसात खाली जातो, हळदीकुंकवातलं बोलणं जात नाही.

तेव्हा पहिलं काम फोन. तुम्ही किंवा वहिनी स्वतः, ऑफिसातल्या मुलाला बसवून नाही. सगळ्या ३८ जणांना, कारण जे आजारी नाही पडले ते रात्रभर बायकोची पाठ चोळत बसले होते. "काका, आता जेवण जातंय का, औषधाची बिलं किती झाली, मला व्हॉट्सअप करा" एवढंच. ते ओरडतील, ओरडू दे. तुमच्या वाक्यात "पण" आला की फोन फुकट गेला समजा. कारण विचारलं तर खरं सांगा की नक्की कशाने झालं ते अजून कळलेलं नाही, शोधतोय, टूर आमची होती तेव्हा जबाबदारी आमची.

इथे कुणीतरी वकील सांगेल की सॉरी म्हणू नका, कबुली होते. लिहिताना शब्द वकिलाला दाखवा, हरकत नाही, पण माणुसकीने बोलायला वकील कशाला लागतो. ब्रिटनमधल्या थॉमस कुकचं उदाहरण या धंद्यातल्या प्रत्येकाने पाठ करावं असं आहे. २००६ मध्ये ग्रीसमधल्या कॉर्फू बेटावर त्यांच्या पॅकेजमधल्या हॉटेलात बिघडलेल्या बॉयलरच्या विषारी वायूने दोन लहान मुलं गेली. २०१५ मध्ये इंग्लंडमध्ये त्याची चौकशी झाली, तिथे कंपनीच्या प्रमुखाने सांगितलं की माफी मागायची गरज नाही, आमची चूक नव्हती. ज्युरीने ठरवलं की कंपनी काळजी घेण्यात कमी पडली. वर हे बाहेर आलं की त्याच प्रकरणात कंपनीला लाखो पाउंड भरपाई मिळालेली आहे, मुलांच्या आईवडलांना मिळाली त्याच्या कितीतरी पट. मग पळापळ, निम्मी रक्कम युनिसेफला देऊन टाकली, तर आईवडील म्हणाले आम्हाला आधी सांगितलंसुद्धा नाही! नऊ वर्षं वकिलांच्या सल्ल्याने गप्प बसून मिळवलं काय, तर हे. (ती कंपनी २०१९ मध्ये बुडाली, ते कर्जामुळे. पण तेव्हा मुंबईच्या थॉमस कुक इंडियाला आपल्या गिऱ्हाइकांना समजावत बसावं लागलं की बाबांनो आमचे मालक २०१२ पासूनच वेगळे आहेत, आमचा त्यांच्याशी संबंध नाही. नाव असं असतं.)

आता नाव बदलायचं बघू. हाँगकाँगमध्ये मेट्रोपोल नावाचं हॉटेल होतं. फेब्रुवारी २००३ मध्ये चीनमधून आलेले एक डॉक्टर नवव्या मजल्यावर ९११ नंबरच्या खोलीत उतरले, त्यांना सार्स (श्वासाचा साथीचा आजार) झालेला होता, आणि त्या मजल्यावरच्या पाहुण्यांबरोबर तो आजार व्हिएतनाम, सिंगापूर, कॅनडापर्यंत गेला. पुढे हॉटेलने त्या खोलीचा नंबर बदलून ९१३ केला, नंतर हॉटेलचंच नाव बदललं. आणि आज वीस वर्षांनी नाशिकच्या पत्राला उत्तर देताना मला जुनं नाव पण आठवतंय आणि खोलीचा नंबर पण. तिथे निदान हॉटेल होतं, रोज नवीन देशाचा पाहुणा, त्याला काय माहीत. तुमचं तसं आहे का? फर्मचं नाव काहीही ठेवा, सकाळी सहाला बसमध्ये "गणपती बाप्पा मोरया" म्हणायला उभे राहणार तुम्हीच ना. वर लोकं म्हणणार नाव का बदललं असेल बरं. मेव्हण्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

रिव्ह्यू विकत घेणाऱ्याला चहापण पाजू नका. एका आठवड्यात "नाईस सर्व्हिस" लिहिणारे ४० अनोळखी लोक आले की शेंबड्या पोरालाही कळतं, आणि ऑनलाइन रिव्ह्यूसाठी आपल्याकडे २०२२ पासून भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १९००० हे मानक आलेलं आहे, त्यात पैसे देऊन किंवा खोटे लिहून घेतलेले रिव्ह्यू बसत नाहीत. ते आठ हजार औषधाच्या बिलांना घाला. खराब रिव्ह्यूला स्वतःच्या नावाने तीन ओळीत उत्तर द्या, "१४ पाहुण्यांना त्रास झाला हे खरं आहे. सगळ्यांशी आमचं बोलणं झालंय, औषधाचा खर्च दिलाय. स्वयंपाकात काय बदललं ते विचारायला या नंबरवर फोन करा, मीच उचलतो." अर्थात हे आधी करा आणि मग लिहा. जावईबापूंना पण फोन करा, व्हिडिओ काढायला सांगू नका, पैसे तर अजिबात दाखवू नका, नाहीतर त्याचाच दुसरा व्हिडिओ येईल.

पाण्यामुळे का जेवणामुळे याचं भांडण घालत बसण्यापेक्षा एक वही घ्या. त्या दोन दिवसात कोण काय जेवलं, कुणाला किती वाजता सुरू झालं, आणि मुख्य म्हणजे कोण आजारी *नाही* पडलं. हे फोनवरच कळेल. सगळ्यांना जेवणानंतर दोन ते सहा तासात एकदम सुरू झालं असतं तर उघड्यावर राहिलेला पदार्थ किंवा हाताळणाऱ्याचे हात असा संशय पहिला घ्यायचा. तुमच्याकडे एकेक करून दुपारपर्यंत चाललं, तेव्हा नोरोव्हायरससारखं काही असू शकतं, ते पोटात गेल्यावर बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी उठतं आणि बसमध्ये, संडासात एकाचं दुसऱ्याला लागतं. मी डॉक्टर नाही, ती वही एखाद्या डॉक्टरला दाखवा. तसं असेल तर कदाचित आचारी पण सुटेल आणि हॉटेलवाला पण, दोष जैसलमेरच्या एखाद्या सरबताच्या बर्फातही निघू शकेल. किंवा कधीच निघणार नाही, ती पण तयारी ठेवा.

कारण कळायला वेळ लागतो आणि गिऱ्हाईक तेवढं थांबत नाही. १९७६ च्या जुलैत अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या बेलव्ह्यू स्ट्रॅटफर्ड या नावाजलेल्या हॉटेलात माजी सैनिकांचं अधिवेशन झालं, नंतर कितीतरी जणांना विचित्र न्यूमोनिया झाला, अधिवेशनाला आलेले २९ जण गेले. कारण कुणालाच कळेना. बुकिंग आटलं आणि नोव्हेंबरमध्ये हॉटेल बंद पडलं. जंतू सापडला जानेवारी १९७७ मध्ये, लिजिओनेला त्याचं नाव, तोपर्यंत हॉटेलला कुलूप. म्हणून म्हणते की कारण कळेपर्यंत काय काय बदललं ते सांगत राहायचं.

आणि बदला खरंच. दुपारचा भात रात्री फोडणीला टाकणं बंद करा (मला माहितेय तुमचा आचारी टाकतो, सगळेच टाकतात). पनीर, दही, ओल्या नारळाची चटणी बसच्या डिकीतून नेणं बंद. बाहेरचा बर्फ बंद. आचाऱ्याला किंवा वाढप्याला जुलाब झाले तर त्याला भांड्याला हात लावू द्यायचा नाही, पगार कापायचा नाही, कारण कापलात की तो सांगणार नाही. फूड लायसन्स, म्हणजे ते एफएसएसएआयचं, आहे ना? नसेल तर हा अंक खाली ठेवा आणि आधी ते काढा.

पैशाचं, औषधाची बिलं पूर्ण, शिवाय आजारी लोकांचे जे दोन दिवस गेले त्याचे टूर खर्चातले पैसे बँकेत परत. कूपन नको. "पुढच्या टूरवर १० टक्के सूट" म्हणजे ज्याला आत्ताच उलटी झालीय त्याच्यापुढे परत ताट वाढण्यासारखं आहे. काश्मीरच्या ११ जणांचे पैसे अटीप्रमाणे जे बसतात ते आठवड्यात द्या, आणि जे उरलेत त्यांनी विचारायच्या आधी तुम्हीच सांगा की राजस्थानला असं असं झालं होतं.

प्रश्न : एप्रिल २०२० च्या युरोप टूरचे आईवडिलांचे ३ लाख १० हजार भरलेले होते. कंपनीने पैशाऐवजी क्रेडिट नोट दिली, म्हणजे पुढच्या टूरला वापरा म्हणून कागद, २०२१ मध्ये बाबा गेले, आई आता ७४ वर्षांची, ती कुठे जाणार. फोन केला की म्हणतात एअरलाइनने पैसे दिले नाहीत. आणि पेपरात मात्र त्यांच्या "तुमच्या विश्वासाची इतकी वर्षं" अशा पानभर जाहिराती. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : ताई, आधी माझं सांगते. २०२० मध्ये मी ज्या ऑफिसात होते तिथून अशी तीनशे तरी क्रेडिट नोटची पत्रं गेली, माझ्या सहीने. तेव्हा आमच्याकडे खरंच पैसे नव्हते, हॉटेलवाले परदेशात ॲडव्हान्स धरून बसलेले, पगार अर्धे. पण आमच्यापैकी कुणीही लोकांना "पैसे नाहीत, हप्त्याने देतो, पहिला हप्ता दिवाळीत" असं सरळ लिहिलं नाही, आम्ही "आपल्या सोयीसाठी क्रेडिट नोट" असं लिहिलं. सोय कुणाची होती ते आम्हाला माहीत होतं. त्यातले जे पाहुणे तुटले ते परत आले नाहीत, आणि मला त्याचं काहीच आश्चर्य वाटत नाही.

त्यात ते दिवस कसे होते तेही आठवा. महाराष्ट्रातले पहिले दोन कोविड रुग्ण ९ मार्च २०२० ला पुण्यात सापडले, ४० जणांच्या ग्रुपबरोबर दुबईची टूर करून १ मार्चला परतलेलं जोडपं. नंतर त्यांची मुलगी, मुंबईहून त्यांना घेऊन आलेला टॅक्सीवाला, विमानातला सहप्रवासी. त्या आठवड्यात पुण्यात टूर कंपनी हा शब्दच लोकांना नकोसा झाला होता, आमचे फोन दिवसभर वाजत होते आणि उचलायची भीती वाटत होती. हे कारण सांगत नाहीये, फक्त सांगतेय.

आता तुमचं काम. एअरलाइनचं जे सांगतात त्यावर, सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० ला लॉकडाऊनमधल्या विमान तिकिटांबद्दल निकाल दिलाय, त्यात एजंटमार्फत काढलेल्या तिकिटाचा परतावा आला की एजंटने तो लगेच प्रवाशाला द्यायचा असं आहे, आणि जिथे क्रेडिट दिलं तिथेही ३१ मार्च २०२१ पर्यंत वापरलं नाही तर पैसे परत. तेव्हा कंपनीला ईमेलवर विचारा, तोंडी नको, की तिकीट कितीचं, कुठल्या एअरलाइनचं, परतावा कधी आला, आणि हॉटेल व्हिसाचा हिशोब वेगळा द्या. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार. २०२४ मध्येसुद्धा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने एका मोठ्या ऑनलाइन प्रवास कंपनीला कोविडमधले राहिलेले पैसे परत करायला लावलेत, म्हणजे विषय मेलेला नाही. ग्राहक आयोगात जायला मुदत दोन वर्षांची असते, कोविडचा काळ त्यातून वगळलाय तरी तुम्हाला उशीर झालेलाच आहे, पण उशीर माफ करायची सोय कायद्यात आहे आणि कंपनी अजून "क्रेडिट चालू आहे" असं लेखी म्हणत असेल तर तो कागद वकिलाला आधी दाखवा.

आणि ती कंपनी हे सदर वाचत असेल तर, एका पानभर जाहिरातीत किती आज्यांचे पैसे परत होतात याचा हिशोब तुमच्या अकाउंटंटला येतो.

प्रश्न : मडगावला आमचं ट्रॅव्हल ऑफिस आहे, क्रूझ बुक करतो. अजून लोक विचारतात, ती जपानची बोट याच कंपनीची ना? आणि इथे घराघरातली मुलं जहाजावर कामाला, त्यामुळे सगळ्यांना सगळं माहीत. काय सांगायचं? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : हो म्हणायचं. "ती बोट" म्हणजे डायमंड प्रिन्सेस, फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामाला अडकली, ३,७११ माणसं, ७१२ जणांना कोविडची लागण, भारतीय १३८ होते आणि त्यातले १३२ कर्मचारी. माणसं खोल्यांमध्ये बंद आणि कर्मचारी मात्र घरोघर, म्हणजे केबिनोकेबिनी, जेवण पोचवतायत, हे गोव्याला कुणी वेगळं सांगायला नको. तरी त्या जहाजाचं नाव अजून तेच आहे आणि ते अजून चालतंय. प्रवाशांना पूर्ण भाडं परत मिळालं आणि वर पुढच्या क्रूझचं क्रेडिट, आणि कॅप्टन जेन्नारो आर्मा रोज स्पीकरवर स्वतः बोलत राहिला, सगळे उतरल्यावर शेवटी उतरला. लोकांना कंपनीचा चेअरमन कोण ते माहीत नाही, कॅप्टन माहितेय.

त्याच कंपनीचं दुसरं जहाज रुबी प्रिन्सेस. १९ मार्च २०२० ला सिडनीत अडीच हजारांवर प्रवासी तपासणीचे रिपोर्ट यायच्या आधी उतरून घरी गेले, पुढे शेकड्यांनी आजारी, २८ मृत्यू. सरकारी चौकशीत मोठा ठपका तिथल्या आरोग्य खात्यावर आला, पण कोर्टात २०२३ मध्ये कंपनीला पण निष्काळजी ठरवलं, मुद्दा हा की धोका माहीत असताना ८ मार्चला जहाज सोडलंच कसं आणि प्रवाशांना सावध का केलं नाही. म्हणजे एकच कंपनी, दीड महिन्यात दोन जहाजं, एकाचा कॅप्टन लक्षात राहिला आणि दुसऱ्याचा खटला.

गिऱ्हाइकाला बोलावं लागतं ते पुढचं, जहाजावर पोटाचे आजार होतात, नोरोव्हायरस होतो, सॅनिटायझरवर भागत नाही, साबणाने हात धुवा, आजारी वाटलं तर लपवू नका, आणि इन्शुरन्समध्ये परदेशातलं हॉस्पिटल आणि अडकून पडल्याचा खर्च बसतो का ते सही करायच्या आधी त्यांच्यासमोर वाचा. एखादं बुकिंग त्यामुळे जाईल. जाऊ दे.

प्रश्न : खडकवासल्याजवळ आमचं कृषी पर्यटन केंद्र आहे. जीबीएसच्या वेळी शाळांच्या सगळ्या सहली रद्द झाल्या, अजून लोक फोनवर पहिला प्रश्न पाण्याचा विचारतात. आमच्याकडे एकही माणूस आजारी पडला नव्हता हो. (एक वाचक, पुणे)

उत्तर : तुमच्याबद्दल मला खरंच वाईट वाटतं कारण यात तुमचं काही चुकलं नाही, फक्त पत्ता चुकला. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी ही नावं रोज टीव्हीवर, २०० च्या वर संशयित रुग्ण, काहींच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस सापडलेले, मग लोकांनी पनीर सोडलं, चिकन सोडलं, तुम्हालाही सोडलं. १९९४ ला सुरतच्या प्लेगच्या वेळी अख्ख्या देशाचं असंच झालं होतं, परदेशी विमान कंपन्यांनी उड्डाणं थांबवली, तेव्हा आग्र्यातला गाइड कुणाला समजावणार होता की बाबा सुरत कुठे आणि मी कुठे. आपल्या बीड जिल्ह्यातलं मामला गाव तर त्या प्लेगमुळेच पेपरात आलं.

"आमच्याकडे कुणी आजारी पडलं नाही" हे वाक्य बोलू नका, त्यात आजार हाच शब्द कानात राहतो. विहिरीचं पाणी लॅबमधून तपासून घ्या, दर महिन्याला, तारखेचा रिपोर्ट गेटपाशी लावा आणि बुकिंगचा फोन आला की विचारायच्या आधी व्हॉट्सअपवर पाठवा. एखादा रिपोर्ट खराब आला तर तोही लावा आणि त्याखाली क्लोरीन कधी टाकलं ते लिहा. शाळांच्या सहली परत यायला वेळ लागेल, मुख्याध्यापकांना पालकांच्या ग्रुपची भीती असते, तेव्हा आधी एका शाळेच्या पालक प्रतिनिधींनाच जेवायला बोलवा आणि टाकीचं झाकण उघडून दाखवा. तुमच्याकडे पिठलं भाकरी चुलीवरची असते का, तेवढं कळवा, मी पण येईन म्हणते एखाद्या रविवारी.